तसबीर कोठे टांगायची?

दिवाळीची रंगसफेदी आटोपली, की तसबिरी पुन्हा टांगायच्या असतात. कोणाची तसबीर दिवाणखान्यात आणि कोणाची माजघरात, यावरून त्या घरात कोणाचा मान किती, हे पाहुण्याला न सांगता कळते. जगाच्या कलादालनांतही हेच चालते. तेथे काय, कोठे आणि कशाशेजारी मांडायचे, हे ठरवणाऱ्याला क्युरेटर म्हणतात. ओक्वुई एन्वेझोर यांनी या कामात आयुष्यभर एक हट्ट धरला : आफ्रिकेला दिवाणखान्यात जागा हवी, आणि तीही पाहुणी म्हणून नव्हे.

१९६३ साली नायजेरियात जन्मलेल्या या माणसाचे बालपण बियाफ्राच्या युद्धाने होरपळले. पुढे अमेरिकेत त्यांनी अभ्यास केला राज्यशास्त्राचा. ओढ होती कवितेची. २००१ साली म्यूनिकमध्ये त्यांनी ‘द शॉर्ट सेंच्युरी’ हे प्रदर्शन मांडले. १९४५ ते १९९४ या काळातील आफ्रिकेचे मुक्तिलढे हा त्याचा विषय. तेथे चित्रांच्या पंक्तीला भित्तिपत्रके, कापड, छायाचित्रे आणि संगीतही बसले. २००२ सालच्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ची सूत्रे हाती येताच त्यांनी तिचा आरंभच कासेलबाहेर, परिसंवादांनी केला. त्यांतला एक २००१ साली दिल्लीत भरला. विषय होता अन्यायानंतरचा न्याय. नाव गांधीजींच्या ‘सत्याच्या प्रयोगां’ची आठवण देणारे.

आक्षेप असा, की एन्वेझोर कलेची कचेरी करतात. दप्तरे फार, डोळ्यांना सुख थोडे. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. २०१५ साली व्हेनिसच्या बिएनालेत त्यांनी मार्क्सच्या ‘भांडवला’चे जाहीर वाचन ठेवले. पण पारायणाला बैठक लागते. जत्रेतला माणूस दोन वाक्ये ऐकून पुढे सरकतो. उलट, कासेलला त्यांनी दाखवलेला अमर कंवर यांचा ‘अ सीझन आउटसाइड’ घ्या. वाघा सरहद्दीपासून निघालेला हा चित्रपट हिंसेविषयी बोलतो, पण निकाल देत नाही. पाहणाऱ्यालाच विचारात पाडतो. तेथे कचेरी उरत नाही.

२०११ ते २०१८ या काळात एन्वेझोर म्यूनिकच्या ‘हाउस डेर कुन्स्ट’चे संचालक होते. ही वास्तू १९३७ साली हिटलरच्या राजवटीने आपल्या पसंतीची जर्मन कला मिरवण्यासाठी उघडली होती. मार्च २०१९ मध्ये तेथेच, त्यांनी चिका ओकेके-अगुलू यांच्यासह योजलेले एल अनात्सुई यांचे प्रदर्शन सुरू झाले : बाटल्यांची टाकाऊ झाकणे तांब्याच्या तारेने जोडून केलेली विशाल, झगमगती वस्त्रे. आठवडाभरातच एन्वेझोर वारले. ज्या भिंतींवर आफ्रिकेला माजघराइतकीही जागा नव्हती, तेथे ती वस्त्रे दर्शनी टांगली गेली. आक्षेपाला एवढे उत्तर पुरेसे आहे. आणि ते दप्तराने नव्हे, डोळ्यांनी वाचायचे आहे.