गाण्यात आलेली लाट

धाकटा भाऊ गेला त्याच्या तेराव्या दिवशी आत्या ओसरीवर त्याच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसली होती. समाचाराला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, ‘कसं झालं हो एकाएकी?’ ती एवढंच म्हणाली, ‘लाट आली.’ पुढे कुणी काही विचारलं नाही. ती लाट कुठली, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

ती गीतरामायणातली. पुणे आकाशवाणीवर 1955 ते 1956 या काळात दर आठवड्याला एक अशी ही 56 गीतं आली. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो त्या गीतात समुद्रावर भेटलेल्या दोन ओंडक्यांचा दृष्टान्त आहे. तो मुळात वाल्मीकींच्या अयोध्याकांडातला. पण वाल्मीकींचे ओंडके एकत्र येतात आणि काही काळ गेल्यावर दुरावतात. गदिमांनी त्या काळाच्या जागी लाट आणली. एवढासा बदल, पण सगळी ताकद त्यातच आहे. काळ डोळ्यांना दिसत नाही, लाट दिसते. ती अंगावर येते आणि कुणाला दोषही देता येत नाही. कैकेयीवर संतापलेल्या भरताला नेमकं हेच ऐकायची गरज होती. सत्य मोठं आहेच, पण ते एका भावाने दुसऱ्या भावाला सांगितलंय, म्हणून आत्याच्या ओठांवर सहज आलं.

गाण्यातल्या चिरंतन सत्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. ते टिकायला हाताला लागेल अशी वस्तू हवी आणि ते कुणाला तरी उद्देशून बोललेलं हवं. ‘जगाच्या पाठीवर’ (1960) मधल्या गदिमांच्या गाण्यात आयुष्य मागावर विणलं जातं आणि वय मोजलं जातं ते कपड्यांनी, अंगड्यापासून विरलेल्या शालीपर्यंत. पुढच्याच वर्षीच्या ‘प्रपंच’मध्ये विठ्ठल कुंभार होतो. ते गाणं नुसत्या भक्तीवर थांबत नाही, देवाकडे हिशेब मागतं: माती तीच, चाकही तेच, मग एका मडक्याच्या वाट्याला लोणी आणि दुसऱ्याच्या वाट्याला निखारा का?

नाशिक जिल्ह्यातले वामनदादा कर्डक हाच वाट्याचा प्रश्न देवाला न विचारता थेट उद्योगपतींना विचारतात, तोही नावं घेऊन. भावगीतांच्या मैफलींनी आणि आपल्या समीक्षेने वामनदादांना ‘चळवळीचे शाहीर’ म्हणून बाजूच्या खोलीत बसवलं, याची मला मनापासून खंत वाटते. उपाशी माणसाने आपला वाटा मागणं याहून सार्वत्रिक सत्य दुसरं कुठलं?

आणि बहिणाबाई. लिहिता-वाचता न येणाऱ्या या खानदेशी बाईची गाणी तिच्या मृत्यूनंतर, 1952 साली पुस्तकरूपाने आली. त्यात चूल आहे, तवा आहे, भाजलेला हात आहे. तत्त्वज्ञान शोधायला ती कुठे गेली नाही. भाकरी थापताना जे समोर होतं, त्यातूनच तिने संसार सांगितला.

आजची मराठी गीतं ऐकतो तेव्हा ही वस्तूच हरवलेली जाणवते. मन, श्वास, क्षण, आभाळ, स्वप्न या पाचसहा शब्दांची अदलाबदल करून गाणीच्या गाणी उभी राहतात. चालीवर शब्द बसवावे लागतात, ही सबब मला पटत नाही. चित्रपटात चालीवर लिहिणं जुन्यांनाही चुकलेलं नव्हतं. यशवंत देवांनी शब्दप्रधान गायकीचा आग्रह आयुष्यभर धरला, तो शब्दात धरून ठेवण्याजोगं काही असतं म्हणूनच. वाद्यांच्या गजरात आज शब्द ऐकू येत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण पुष्कळदा ऐकू आले तरी हाती काही लागत नाही.

तरीही सगळंच ओसाड नाही. संदीप खरे यांच्या चांगल्या गाण्यांत घरातला माणूस घरातल्याच भाषेत बोलतो. ‘नटरंग’ (2010) साठी गुरू ठाकूर यांनी लावणीचा बाज नीट ओळखून लिहिलं. या मंडळींकडे कसब आहे, म्हणूनच अपेक्षाही त्यांच्याकडून आहे.

कारण वस्तू संपलेल्या नाहीत. पाठीवर जेवणाची पिशवी घेऊन लिफ्टची वाट बघणारा पोरगा आहे. मुलगा परदेशी गेल्यावरही दोन शिट्ट्यांचा भात लावणारी आई आहे. गेलेल्या आईचा नंबर फोनमधून न काढणारी माणसं मला घरोघर माहीत आहेत. त्या नंबरावरचं गाणं मात्र मी अजून ऐकलेलं नाही.