कॉकपिटमध्ये कुणी नाही

माझ्या शेल्फवर चौदा लढाऊ जेट विमानं आहेत. सगळी प्लास्टिकची, सगळी १/७२ प्रमाणात, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी. पंखांखाली बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं, चाकांच्या कप्प्यांत तारा आणि नळ्या, एक्झॉस्टभोवती जळाल्याचे डाग. या डागांसाठी मी रविवारच्या रविवार घालवलेत. पण २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, त्या रात्री मी शेल्फसमोर उभा होतो आणि पहिल्यांदाच एक गोष्ट लक्षात आली. चौदापैकी एकाही विमानात वैमानिक नाही.

हा माझा एकट्याचा विसराळूपणा नाही. इन्स्टाग्रामवर कुठल्याही चांगल्या मॉडेलरचं काम बघा. कॅनोपी उघडी, आत रिकामं आसन, आसनावर सैल पडलेले पट्टे. या छंदाची ही रूढ शैलीच झाली आहे. प्रत्येक शैली काहीतरी दाखवते आणि काहीतरी झाकते, म्हणून तिच्याकडे समीक्षेच्या नजरेनं बघायला हवं.

आधी ही शैली आली कुठून ते बघू. साठ-सत्तरच्या दशकांतली स्वस्त किट्स उघडली तर बऱ्याचदा उलटं चित्र दिसतं. कॉकपिट जवळपास नाहीच. दोन अर्ध्या भागांच्या मधे एक खुंटी किंवा फळी, आणि तिच्यावर चिकटवायला हेल्मेट घातलेला, चेहरा नसलेला एक ठोकळेबाज माणूस. सोबत एक स्टँड, कारण विमान उडताना दाखवायचं असायचं. चाकं आत, माणूस आत, कॅनोपी बंद. शाळकरी पोरानं ते हातात धरून घरभर फिरवायचं, तोंडानं आवाज काढायचा.

पुढे गिऱ्हाईक मोठं झालं, त्याच्या खिशात पैसे आले आणि साचे बारीक झाले. फोटो-एच नावाचा प्रकार आला. धातूच्या पातळ पत्र्यावर रसायनानं कोरलेले, नखाएवढे सुटे भाग. त्यात आसनाचे पट्टे आणि त्यांच्या बकलासुद्धा असतात, आता तर रंगवलेल्याही मिळतात. डायल मोजता येतील असे उपकरणांचे पॅनेल आले. एवढं सगळं असल्यावर ते झाकणारा माणूस अडचणीचा ठरला. त्याचे खांदे पट्टे झाकतात, गुडघे पॅनेल झाकतात. शिवाय १/७२ मध्ये सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो, आणि बसलेला तर दोन सेंटिमीटरच्याही आत. त्याचा चेहरा रंगवणं म्हणजे आमच्यासारख्यांची अब्रू जायची वेळ. अलीकडच्या महागड्या किट्समध्ये अनेकदा वैमानिक नसतोच. पूर्वी आसन नव्हतं पण माणूस होता. आता आसनाची शिवणही दिसते आणि माणूस गायब आहे.

या छंदाची ताकद मी नाकारत नाही. एक उदाहरण देतो. १९६५ च्या युद्धात आपल्या छोट्या नॅट विमानांनी पाकिस्तानच्या सेबर जेटशी झुंज दिली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नॅट लहान असल्यानं दिसायचंच नाही, हेही ऐकतो. पण ते मला कळलं ते दोन्ही मॉडेल्स शेजारी ठेवल्यावर. सेबरच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.३ मीटर, म्हणजे शेल्फवर पावणेसोळा सेंटिमीटर. नॅट साडेनऊ सेंटिमीटरच्याही आत. मोरापुढे चिमणी. एकच प्रमाण पाळलं की शत्रू आणि आपले एकाच मोजपट्टीवर येतात. पुस्तकातल्या फोटोंत हे दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक विमान पानाएवढं असतं.

पण नेमकं हेच प्रमाण आम्ही सोयीनं मोडतो. विमानाच्या अंगावर पत्र्यांचे जोड असतात, त्यांना आम्ही पॅनेल लाइन म्हणतो. मॉडेलवर त्या कोरलेल्या असतात आणि त्यांत पातळ काळा रंग सोडून आम्ही त्या उठावदार करतो. समजा रेघ ०.२ मिलिमीटरची आहे. गुणिले बहात्तर केलं तर खऱ्या विमानावर जवळपास दीड सेंटिमीटरची फट झाली. अशा विमानात कोण बसेल? तरी ही रेघ नसेल तर मॉडेल खोटं वाटतं, स्पर्धेत मागे पडतं. म्हणजे ज्याला आम्ही वास्तव म्हणतो तो एक करार आहे. काय ठळक करायचं, काय गाळायचं, हे आम्ही ठरवलेलं आहे. मग माणूस गाळणं हीसुद्धा निवडच, तांत्रिक मजबुरी नाही.

माझ्याकडे एक मेसरश्मिट २६२ आहे. १९४४ मध्ये युद्धात उतरलेलं हे जगातलं पहिलं जेट लढाऊ विमान. त्याच्या शेपटीवर स्वस्तिक होतं. जर्मनीतल्या कायद्यामुळे अनेक कंपन्या ते स्टिकर देतच नाहीत, आणि काही जण दोन तुकड्यांत देतात. तुम्ही जोडलंत तर चिन्ह, नाही जोडलंत तर नुसत्या रेघा. जबाबदारी कंपनीकडून तुमच्या चिमट्यावर येते. ते दोन तुकडे लावावेत का, यावर मॉडेलर तासन्‌तास वाद घालतात. मीही घातलाय. पण या विमानाचे सांगाडे ऑस्ट्रियात गुझेन इथल्या छळछावणीचे कैदी जमिनीखालच्या बोगद्यांत बनवत होते आणि त्यांतले हजारो मेले, हे मला किट संपवून दोन वर्षं झाल्यावर कळलं. रंगाच्या छटेचा नंबर मात्र पहिल्याच दिवशी पाठ होता.

आणि आपलं मिग? ते तर आपल्या नाशिकजवळ ओझरला बनायचं. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, आणि त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिकांचा मृत्यू झाला. हा आकडा सगळ्या प्रकारच्या मिगचा आहे, नुसत्या २१ चा नाही. २००१ मध्ये मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. आमच्या छंदात मात्र मिग-२१ म्हणजे 'क्लासिक'. तेलाचे ओघळ, उडालेला रंग, चाकांवरचा चिखल, सगळं हौसेनं रंगवतो. यंत्र किती झिजलं हे आम्ही दाखवतो. त्या झिजेची किंमत कुणी मोजली, ती जागा आम्ही रिकामी ठेवतो आणि तिथे चकचकीत बकल लावतो.

यावर एक उत्तर मला माझ्याच मित्रानं दिलं. जमिनीवर उभ्या विमानात वैमानिक नसतोच, मग रिकामं आसन हेच खरं. शिवाय माणूस बसवला की युद्धाचा खेळ होतो, रिकामं ठेवण्यात एक अदब आहे. मुद्दा चांगला आहे, आणि पंखांखालची जागाही रिकामी असती तर मी तो मान्य केला असता. पण आमची विमानं जमिनीवर असतात ती पूर्ण शस्त्रसज्ज. क्षेपणास्त्राच्या टोकाचा रंग बरोबर आहे का यावर भांडण, आणि ते सोडणारं बोट कुणाचं हा प्रश्नच नाही. याला अदब म्हणत नाहीत. हत्यार आपोआप चालतं अशी समजूत यातून होते, आणि ती आजकाल शेल्फच्या बाहेरही फार सोयीची झाली आहे.

माझं पंधरावं मॉडेल मिग-२१ बिस. पंखांचा विस्तार जेमतेम दहा सेंटिमीटर. डब्यात रंगीत पट्टे होते, वैमानिक नव्हता. जुन्या किट्समधले उरलेले भाग मी बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. त्यात एक सापडला, तोच ठोकळेबाज, बिनचेहऱ्याचा. गुडघे तासून त्याला बसवावं लागलं. चेहरा तीनदा पुसून रंगवला, तरी डावा डोळा चुकलाच. मग उजवीकडे उघडणारी ती कॅनोपी मी गोंद लावून बंद केली. आतलं पॅनेल, ज्यावर दोन रात्री घालवल्या होत्या, आता दिसत नाही.

घरी आलेली भाची शेल्फसमोर थांबली. चौदा विमानं ओलांडून तिनं याच्याकडे बोट केलं आणि विचारलं, "मामा, हा कोण आहे?"