जाळे तेच, ताण उतरलेला

दातात रेझीनचे सिमेंट भरून डॉक्टर निळा दिवा धरतात, तेव्हा काही सेकंदांत रेझीनचे घट्ट जाळे तयार होते. रेणू जोडले जाताना जवळ सरकतात, पदार्थ आकसू पाहतो. पण तो दाताच्या भिंतींना चिकटलेला असतो. ताण आत कोंडतो आणि कधी कडेला फट पाडतो. जाळे कायमचे, तर ताणही कायमचा, असेच वाटावे.

टिमोथी स्कॉट, अँड्र्यू श्नायडर, वेन कुक आणि ख्रिस्तोफर बोमन यांचा २००५ साली ‘सायन्स’मध्ये आलेला शोधनिबंध हे समीकरण मोडतो. प्रयोग अगदी साधा. उजेडाने घडवलेली रबरासारखी पट्टी ताणायची, लांबी तशीच धरून ठेवायची आणि तिच्यावर उजेड टाकायचा. ताण उतरू लागतो. पण बंध नुसते तुटले तरी ताण उतरतोच. जुने रबर तसेच सैलावते. इथे मात्र पट्टीची ताकद कमी होत नाही. माझ्या लेखी या निबंधाचा प्राण इथे आहे.

ही किमया अ‍ॅलिल सल्फाइडची. साखळीत गंधकाच्या अणूशेजारी एक दुहेरी बंध बसवलेला असतो. उजेडाने जन्मलेला मुक्तमूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणूचा तुकडा, त्या दुहेरी बंधाला येऊन चिकटतो, लगेच पलीकडचा गंधक सुटतो आणि दुहेरी बंध पुन्हा उभा राहतो. मंगळागौरीच्या फेरात नवी बाई शिरून एकीचा हात धरते आणि सुटलेली बाई पुढे दुसरीकडे शिरते, तसेच हे. फेर कुठेच तुटत नाही. गंधकावर आलेला मूलक पुढच्या बंधाकडे जातो. ताणलेले धागे असे ताण सोडून नव्या जागी जुळतात, आणि जोडांची संख्या तेवढीच राहते! एक मूलक किती जोडांची अदलाबदल घडवतो, ही काटकसर मला विलक्षण सुंदर वाटते.

ताणलेल्या पट्टीच्या एकाच अंगावर उजेड टाकून ती सोडली, तर तिला बाक येतो: उजेडाकडची बाजू निवांत झालेली, अंधारातली अजून आखडू पाहणारी. आकार देणारा साचा म्हणजे नुसता उजेड.

याला मर्यादा आहेच. दोन मूलक एकमेकांना भिडले की संपतात, म्हणून नवे मूलक घडवणारा उजेड आणि आरंभक रसायन दोन्ही शिल्लक असावे लागतात. बोमन यांच्या गटाने पुढे हीच युक्ती थेट घट्ट होत असलेल्या रेझीनमध्ये वापरली. तिथे जाळे विणणारे मूलकच आकसण्याचा ताणही उतरवत जातात.