गुडघ्यातली गादी आणि एमआरआयची घाई

मंडळी, कोऱ्हाळ्यात गुडघ्यावर बोलायचं म्हणजे उदाहरणं शोधावी लागत नाहीत. "वंगण संपलंय", "वाटी घासलीय" असं आपण म्हणतो. खरं तर झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर. तिला ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. म्हणून सुरुवातीची झीज दुखत नाही, आणि झालेली झीज सहजी भरूनही येत नाही.

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. डॉक्टर म्हणतात, 'गॅप कमी झालाय'. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 साली मांडलेली प्रतवारी आजही एक्स-रेवरच चालते. एमआरआय त्याच्या कितीतरी आधी सांगू शकतो, असा दावा आहे, आणि तो खोटा नाही. कूर्चेत मुख्यतः पाणी असतं, ते धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकॅन हे रेणू असतात आणि कोलॅजनचं जाळं असतं. थर पातळ होण्याआधीच हे रेणू घटतात, जाळं विस्कटतं. टी-टू मॅपिंगमध्ये पाणी आणि जाळ्यातला बदल कळतो. डीजेमरिक पद्धतीत शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. त्यावर ऋण भार, निरोगी कूर्चेतल्या रेणूंवरही ऋण भार, त्यामुळे ते त्याला बाहेर ढकलतात. रेणू कमी झाले तिथे औषध आत शिरतं. बांध फुटला तिथूनच पाणी रानात घुसावं, तसं. कल्पना म्हणून मला हे फार देखणं वाटतं.

माझा आक्षेप पुढच्या वाक्याला आहे: 'म्हणून लवकर एमआरआय करून घ्या.' का बरं? अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम इथं पन्नाशीपुढच्या 710 लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले. सगळ्यांचे एक्स-रे स्वच्छ होते. तरी 89 टक्के लोकांत काही ना काही बिघाड सापडला, आणि ज्यांचा गुडघा दुखत नव्हता त्यांच्यातही प्रमाण जवळपास तेवढंच. हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. आता सांगा, रिपोर्टमध्ये 'झीज' हा शब्द वाचून घाबरायचं कुणी? एकदा तो शब्द आला की माणूस दुर्बिणीच्या ऑपरेशनपर्यंत जाऊन पोचतो. झिजलेला गुडघा दुर्बिणीतून साफ करण्याचं ऑपरेशन लुटुपुटीच्या ऑपरेशनपेक्षा सरस ठरलं नाही, हे 2002 साली ह्यूस्टनच्या चाचणीत दिसलं होतं.

शिवाय झीज थांबवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. वजन कमी करा, मांडीचे स्नायू बळकट करा, हा सल्ला एमआरआय न करताही देता येतो. आणि नेहमीच्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये हे मॅपिंग बहुधा नसतंच. म्हणजे जाहिरात एका तपासणीची, पैसे दुसरीचे!

आपल्याच भागातलं उलट उदाहरण आहे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं सांधेदुखीची पाहणी सुरू केली. प्रशिक्षित गावकरी कार्यकर्ते घरोघर गेले, प्रश्न विचारले, आणि दुखणं असलेल्यांना डॉक्टरांनी तपासलं. चार हजारांहून जास्त प्रौढांपैकी साधारण 18 टक्क्यांना स्नायू-सांध्यांचं दुखणं निघालं. त्यात यंत्राचा झगमगाट नव्हता, पण कोण कशानं त्रासलंय ते कळलं. लवकर ओळखणं याला मी म्हणेन.

मग मॅपिंग टाकाऊ का? मुळीच नाही. कबड्डीत लिगामेंट तुटलेला पंचविशीतला खेळाडू घ्या. त्याच्या कूर्चेत पुढं काय होतंय हे वर्षावर्षानं पाहायला, नवं औषध खरंच काम करतं का हे जोखायला, याहून चांगलं साधन माझ्या माहितीत नाही. तिथंही एक अट आहे. चालून किंवा पळून आल्यावर कूर्चेतलं पाणी हलतं आणि आकडे बदलतात, म्हणून तपासणीआधी गुडघ्याला विश्रांती द्यावी लागते. मोजमाप दर वेळी त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीनं हवं. बारामतीत एकदा आणि पुण्यात एकदा काढलेले आकडे शेजारी ठेवून 'झीज वाढली' असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी यंत्राबद्दल विचारा.