नेपथ्य : एका रंगसंज्ञेचा संकोच

आजच्या मराठी रंगव्यवहारात 'नेपथ्य' ही संज्ञा प्रेक्षकांसमोर उभ्या केलेल्या दृश्यरचनेसाठी रूढ आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात मात्र 'नेपथ्यगृह' ही प्रेक्षकांच्या दृष्टीआडची जागा आहे. हा फरक केवळ कोशगत नाही. रंगभूमीविषयीच्या दोन भिन्न धारणा त्यामागे आहेत.

नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायातील विकृष्ट मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद आहे. त्याचा अर्धा भाग प्रेक्षकांसाठी असून उरलेल्या अर्ध्यात रंगपीठ, रंगशीर्ष व नेपथ्यगृह यांची योजना आहे. याहून मोठे नाट्यगृह भरताला मान्य नाही. कारण तेथे पात्राचे बोलणे अस्पष्ट होते आणि मुखावरील भाव दिसत नाहीत. म्हणजे वास्तूचे माप अभिनयाने ठरते. मत्तवारणीचे स्थान आणि संख्या यांविषयी अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला. परंतु या विभागांचा प्रयोगात उपयोग काय, हा प्रश्न त्या मोजमापात मागे पडला.

त्याचे उत्तर कक्ष्याविभागाच्या विवेचनात मिळते. नेपथ्यगृहाच्या दोन दारांमध्ये वाद्यवृंद बसतो आणि त्या दारांतून पात्रे येतात. घर, नगर, उपवन, अरण्य ही स्थळे रंगपीठाच्या विभागांवर कल्पिली जातात आणि पात्राच्या परिक्रमेने बदलतात. आधी प्रवेश केलेले पात्र 'आत' असते, नंतर येणारे 'बाहेर' असते. भिंत उभारण्याची गरजच उरत नाही. 'अभिज्ञानशाकुंतल'च्या पहिल्या अंकात दुष्यंत रथातून उतरतो, परिक्रमा करतो आणि आश्रमात पोहोचतो. स्थळबदलाचे हे काम पडदा करीत नाही, नट करतो.

येथे एक आक्षेप संभवतो. आहार्याभिनयात भरत नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे चार प्रकार सांगतो, आणि पुस्तात पर्वत, रथ यांच्या प्रतिकृती येतात. तेव्हा आजचा अर्थ सर्वस्वी परका नाही. तथापि चौघांपैकी उरलेले प्रकार मुख्यतः देहाशी आणि सजीवांशी संबंधित आहेत. आधुनिक संज्ञेने त्यांना वगळून एकट्या पुस्ताला संपूर्ण नेपथ्याचे पद दिले. 'शाकुंतल'च्या प्रस्तावनेतील सूत्रधार नेपथ्याकडे पाहून, वेषरचना आटोपली असल्यास नटीला बाहेर बोलावतो. तेथे 'नेपथ्य' हा शब्द स्थळ आणि वेष या दोन्ही अर्थांनी येतो.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे संगीत नाटकात रंगवलेले पडदे प्रतिष्ठा पावले आणि स्थळ नटाच्या देहाकडून चित्राकडे सरकले. त्या सवयीने संस्कृत नाटक वाचणाऱ्यास त्यातील स्थळांतरे शिथिल वाटतात. हा दोष संहितेत नाही. ज्या रंगपीठासाठी ती लिहिली गेली, तेच वाचनातून निसटलेले असते. संहितेतील 'परिक्रम्य' ही सूचना एक संपूर्ण रंगव्यवस्था गृहीत धरते; ती व्यवस्था ध्यानात न घेता केलेले मूल्यमापन अपुरे राहते.