ग्रहण गेलं, दोष राहिला

आपल्याकडे अमरावती-अकोल्याच्या घरांत ग्रहण लागलं की गरोदर बाईला अजूनही बजावतात: चिरू नको, कापू नको, बाहेर निघू नको. बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला, तर त्या दिवशी तिनं विळी हातात घेतली होती का, याची चौकशी होते. मेक्सिकोतही ग्रहणाची अशीच समजूत आहे. तिथं गरोदर बाई कपड्याला धातूची पिन लावते. यावर आपण प्रबोधन करणारे काय सांगतो? ‘ग्रहण वगैरे काही नाही, हा जनुकीय दोष आहे.’ आज मला समीक्षा करायची आहे ती या उत्तराची.

पहिला आक्षेप शब्दावर. मराठीत दोष बेवारस नसतो, तो कुणाचा तरी असतो. ग्रहदोष, पितृदोष, नाडीदोष ऐकत आलेल्या घरात ‘जनुकीय दोष’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: माहेरचा की सासरचा? विळी सुटली, बाई मात्र अडकलेलीच राहिली.

दुसरा आक्षेप विज्ञानाचा. चेहऱ्याचे स्नायू कसे घडतात, ते पाहा. अमरावतीत १९१४पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तेव्हा दंड कमावणं इथं कुणाला शिकवायला नको. पण दंडाचा स्नायू आणि गालाचा स्नायू यांची मुळं वेगळी. दंडाच्या पेशी गर्भाच्या पाठीलगतच्या खंडांतून निघतात आणि त्यांना पॅक्स-३ हे जनुक लागतं. ते निकामी असलेल्या उंदरांच्या पायांत स्नायू होत नाहीत, डोक्याचे मात्र होतात. चेहऱ्याचे स्नायू येतात गर्भाच्या गळ्यापाशी उठणाऱ्या कमानींतून: पहिलीतून चावण्याचे, दुसरीतून हसण्याचे, डोळे मिटण्याचे, ओठ आवळण्याचे. तिथं टीबीएक्स-१, पिटएक्स-२ अशी दुसरी जनुकं आधी काम करतात. मायएफ-५ आणि मायोडी ही जनुकं, म्हणजे ‘आता स्नायू हो’ असं पेशीला सांगणारी, दोन्हीकडे सारखीच.

आता खरी गंमत ऐका. टीबीएक्स-१ नसलेल्या उंदरांत चावण्याचे स्नायू कधी होतात, कधी होत नाहीत. कधी एका बाजूला होतात, दुसरीकडे नाहीत. उंदीर तोच, जनुकं तीच, तरी दोन गाल वेगळे! मग जनुक म्हणजे घराचा पक्का नकाशा, हे आपण कोणत्या तोंडानं सांगतो? जनुकाचं काम वेळेवर, शेजारच्या पेशींच्या साथीनं चालतं. कोणता स्नायू कुठं बसायचा, हेही बरंचसं या शेजारच्या पेशीच ठरवतात.

दुभंगलेल्या ओठाचंही असंच आहे. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला ओठ किंवा टाळूचा दुभंग असतो. गर्भाचा वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमाराला जुळतो. कित्येक बायकांना तेव्हा दिवस गेल्याची नुकती कुठं खात्री झालेली असते. ओठ जुळला नाही, तर त्याच्याभोवतीच्या गोल स्नायूची दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत. आयआरएफ-६सारख्या जनुकांचा यात वाटा आहे, पण एकाच गर्भपेशीतून झालेल्या जुळ्यांतही एकाला दुभंग आणि दुसऱ्याला नाही, असं होतं. अपस्माराची काही औषधं, धूम्रपान यांनी धोका वाढतो. म्हणून औषधांचं डॉक्टरांना आधीच विचारावं; मनानं बंद करू नयेत.

‘लोकांना सोपं सांगावं लागतं,’ असं कुणी म्हणेल. कबूल. पण सोपं म्हणजे चुकीचं नव्हे. त्या आईला सांगा, ‘बाई, ओठ जुळायचा राहून गेला.’ हे सोपंही आहे आणि खरंही. यात कुणाचं माहेर येत नाही, कुणाची विळी येत नाही. आणि पुढं काय करायचं तेही यातच आलं: बाळ काही महिन्यांचं झालं की शस्त्रक्रियेत डॉक्टर नुसती कातडी शिवत नाहीत, त्या स्नायूची सुटलेली टोकं जुळवतात. तेव्हा आपल्या भाषणांतून ग्रहण काढलंच आहे, आता ‘दोष’ही काढू या.