भाड्याच्या खोलीतलं प्रेम

आयर्लंडमध्ये तरुण माणसांच्या देहाबद्दल खरं लिहिणं हा एकेकाळी पोटावर पाय आणणारा उद्योग होता. एडना ओब्रायनची 'द कंट्री गर्ल्स' १९६० मध्ये आली आणि तिच्यावर बंदी घातली गेली. पाच वर्षांनी जॉन मॅक्गाहर्नच्या 'द डार्क'वर तीच पाळी आली, आणि डब्लिनमध्ये मास्तरकी करणाऱ्या मॅक्गाहर्नची शाळेतली नोकरीही गेली. संततिनियमनाची साधनं १९७९च्या कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नव्हती. ती अट १९८५ मध्ये सैल झाली. समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होते. घटस्फोटाला १९९५च्या सार्वमतात जेमतेम नऊ हजारांच्या मताधिक्यानं मान्यता मिळाली. मग मात्र भिंती भराभर पडल्या. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला आणि २०१८ मध्ये गर्भपाताच्या हक्काला लोकांनी मोठ्या बहुमतानं होकार दिला. या दुसऱ्या मतदानामागे बेळगावहून तिकडे गेलेल्या सविता हलप्पनवार या दंतवैद्य तरुणीच्या, गर्भपात नाकारला गेल्यानंतर २०१२ मध्ये झालेल्या मृत्यूचा सल होता, हे आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. ज्यांच्या तरुणपणी ही सगळी पडझड चालू होती, त्यांनीच गेल्या आठ-दहा वर्षांत प्रेमाच्या आणि शारीर जवळिकीच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या जगभर वाचल्या गेल्या. १९९१ साली जन्मलेली सॅली रूनी त्यांतली सर्वांत गाजलेली.

प्रेमाची गोष्ट अडथळ्यावर उभी राहते. बाप नको म्हणतो, धर्म आड येतो, समाज बोट दाखवतो, म्हणून गोष्ट पुढे सरकते. नायक-नायिकेला कुणीच अडवत नसेल, दोघं पहिल्या पन्नास पानांतच एकत्र झोपत असतील आणि त्यात पापही वाटत नसेल, तर उरलेली दोनशे पानं कशावर चालायची? या कादंबऱ्यांवर नाराज असलेल्या समीक्षकांचं उत्तर असं, की त्या नुसत्या संकोचावर आणि गैरसमजावर चालतात. कादंबरीसारखा ऐसपैस प्रकार या मंडळींनी शयनगृह आणि ईमेल यांच्यापुरता आकसून टाकला. मला हे वाचन वरवरचं वाटतं. पाद्री आणि बाप यांनी सोडलेली जागा या कादंबऱ्यांत घरमालकानं घेतली आहे. तो सहसा पानावर दिसत नाही. पण कोण कुणाच्या घरी राहतं, भाडं कोण भरतं, आणि ही गोष्ट उच्चारायची लाज कुणाला वाटते, यावर इथली जवळीक ठरते. रूनीची पिढी सज्ञान झाली ती २००८च्या कोसळलेल्या अर्थव्यवस्थेत. २०१० च्या अखेरीस देशाला युरोपीय संघ आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला, आणि पुढच्या दशकात डब्लिनमधली भाडी जवळजवळ दुपटीवर गेली. प्रेम करायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली आणि त्याच सुमारास प्रेम करायला खोली मिळेनाशी झाली. या कादंबऱ्या त्या योगायोगातून आल्या आहेत.

'नॉर्मल पीपल'मधला (२०१८) एकच प्रसंग घेतला तरी हे दिसतं. स्लायगो परगण्यातल्या एका लहान गावात कॉनल आणि मेरिअ‍ॅन एका वर्गात शिकतात; कॉनलची आई लोरेन मेरिअ‍ॅनच्या घरी साफसफाई करते. दोघांचे चोरून संबंध जुळतात, पण मित्र हसतील म्हणून कॉनल ते लपवतो आणि शाळेच्या निरोपाच्या नाचाला दुसऱ्याच मुलीला घेऊन जातो. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात पारडं उलटं होतं. तिथे मेरिअ‍ॅन सहज वावरते, तो बुजतो. २०१२च्या उन्हाळ्याआधी हॉटेलातलं त्याचं काम कमी होतं आणि खोलीचं भाडं भरणं अशक्य होतं. एरवीही तो बहुतेक रात्री तिच्याच फ्लॅटवर असतो. 'उन्हाळाभर तुझ्याकडे राहू का', एवढं विचारायचं आहे, पण ते त्याच्या तोंडून निघत नाही. आपण गावी जातोय, असं तो सांगतो. ती समजते, याला आपण नकोशा झालो. दोघं वेगळी होतात, आणि नेमकं काय घडलं हे दोघांपैकी एकालाही कळत नाही.

एक फोन केला असता तर मिटलं असतं, असा या प्रसंगावरचा नेहमीचा आक्षेप आहे. लेखिकेनं कथानक ओढण्यासाठी पात्रांना मुकं केलं, असं म्हणतात. पण कॉनल मुका नाही. साहित्यावर तो तासभर बोलू शकतो, आणि मेरिअ‍ॅनशी तर इतर कुणाशी बोलला नसेल इतकं बोलतो. अडतो तो एकाच ठिकाणी, पैशाशी. जिच्या घरची फरशी आपली आई पुसते तिच्याकडे आसरा मागायचा, म्हणजे आतापर्यंत दोघांनी जपलेलं बरोबरीचं नाटक मोडायचं. मेरिअ‍ॅनला तो फ्लॅट म्हणजे देण्यासारखी काही वस्तू आहे हे सुचतही नाही, कारण भाड्याचा भार तिला कधी जाणवलेलाच नाही. आपल्याकडेही ज्यानं कधी घरी आलेल्या मित्राला 'जेवून जा' म्हटल्यावर 'भूक नाही' असं खोटं सांगितलं असेल, त्याला कॉनलचं मौन उसनं वाटणार नाही. इथे गैरसमज हे वर्गभेदाचंच काम आहे, आणि ते वाक्यावाक्यातून, भाषणबाजी न करता दाखवणं ही रूनीची खरी कमाई आहे.

तिची उणीवही याच कादंबरीत आहे. गुंता इतका नेमका मांडल्यावर तो सोडवायला ती ट्रिनिटीची शिष्यवृत्ती आणते. ती दोघांनाही मिळते. मेरिअ‍ॅनसाठी तो मान असतो, कॉनलला फी, राहणं आणि रात्रीचं जेवण फुकट मिळून एकाएकी जग मोकळं होतं. शिष्यवृत्ती खरी आहे, अशी मुलं खरोखर असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण हुशारीनं वर्ग ओलांडता येतो हा दिलासा कादंबरी हळूच देऊन जाते, आणि हुशार नसलेल्या गावातल्या बाकीच्या पोरांचं प्रेम कुठल्या खोलीत होणार, हे विचारत नाही. कादंबरीतली सर्वांत शहाणी बाई लोरेन, जिला वयाच्या सतराव्या वर्षी मूल झालं, ती तर बहुतेक वेळ मुलाला गाडीतून नेण्या-आणण्यापुरतीच उरते. तिच्या तरुणपणाचं काय झालं, हा भाग मला कॉनलच्या उदासीपेक्षा जास्त वाचायला आवडला असता.

नीशा डोलनच्या 'एक्सायटिंग टाइम्स'मध्ये (२०२०) हाच हिशेब उघडपणे आणि हसत मांडलेला आहे. बावीस वर्षांची एव्हा डब्लिन सोडून हाँगकाँगला मुलांना इंग्रजी शिकवायला जाते. तिथली भाडी आणखी चढी, म्हणून ती ज्युलियन या इंग्रज बँकरच्या प्रशस्त घरी राहायला येते. तो तिचा प्रियकर आहे की घरमालक, हे दोघं मुद्दाम ठरवत नाहीत. पुढे एडिथ नावाची वकील मुलगी भेटते आणि एव्हा खरोखर प्रेमात पडते. पण राहते ज्युलियनच्याच घरी, त्याचंच कार्ड वापरत. एव्हाची तिरकस बडबड पन्नास पानांनंतर दमवते हे खरं. तरीही रूनी जिथे संकोचानं दार लोटून घेते तिथे डोलन ते सताड उघडं ठेवते: आश्रित असण्यात एक सुख असतं, आणि ते प्रेमासारखं वाटू शकतं.

माझ्या मांडणीला खरा धक्का मेगन नोलनच्या 'अ‍ॅक्ट्स ऑफ डेस्परेशन'नं (२०२१) बसतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तिची निनावी निवेदिका डब्लिनमध्ये किरन नावाच्या देखण्या, थंड माणसाच्या मागे स्वतःला पुसून टाकते. त्याच्यासाठी रांधते, घर झाडते, त्याच्या रुसण्यावर आपला दिवस बेतते. भाडं अर्धं-अर्धं असतं की पूर्ण, यानं इथे काडीचाही फरक पडला नसता. तिला हवं असतं कुणीतरी आपल्यावर मालकी सांगणं, आणि ही हाव कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही. म्हणजे खोलीचा सिद्धांत सगळीकडे लागू नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण नोलन शेजारी ठेवली की रूनीची एक पळवाट लख्ख दिसते. मेरिअ‍ॅनला अंथरुणात मार खावासा, वाकवलं जावंसं वाटतं, आणि कादंबरी त्याचं कारण झटपट पुरवते: हिंसक बाप, हात उगारणारा भाऊ, पाठ फिरवणारी आई. वेगळी इच्छा म्हणजे जुन्या जखमेचा व्रण, असं हे समीकरण आहे. पूर्वी पाद्री ज्याला पाप म्हणत होता त्याला कादंबरीकार आजार म्हणतो; खुलासा देण्याची सक्ती तशीच राहते. नोलन खुलासा देत नाही. तिची निवेदिका कारणं शोधते, ती अपुरी आहेत हे ओळखते आणि पुढे बोलत राहते. जवळिकीच्या अंधाऱ्या बाजूबद्दल या पिढीनं लिहिलेलं सर्वांत धीट पुस्तक म्हणून मी याकडे बोट दाखवेन, जरी ते वाचताना गुदमरायला होतं.

रूनीची पात्रं मार्क्सवादाच्या गप्पा मारतात आणि वाइन पितात, हा टोमणा आता जुना झाला आहे. त्यात निम्मं तथ्य आहे. 'ब्यूटिफुल वर्ल्ड, व्हेअर आर यू'मधल्या (२०२१) लांब ईमेलांत जगाच्या अंताची चर्चा चालते, ती गाळली तर कादंबरीचं फारसं बिघडणार नाही. पण त्याच पुस्तकात श्रीमंत झालेली लेखिका अ‍ॅलिस गोदामात माल उचलणाऱ्या फेलिक्सला स्वतःच्या खर्चानं रोमला नेते. मग तो कधी तिच्याशी तुसडेपणानं वागतो, कधी लाडात येतो, आणि आपण विकत घेतलो गेलो आहोत का हे चाचपत राहतो. विचार ईमेलांत पुस्तकी होतो. रोमच्या त्या घरात तो अंगावर येतो. टोमणा मारणाऱ्यांनी पत्रं वाचली आणि प्रवास वाचला नाही, असं मला वाटतं.

मराठी वाचकाच्या मनात एक वेगळाच आक्षेप असणार. आपल्याकडे जातीबाहेर प्रेम केलं म्हणून आजही मुलामुलींचे जीव जातात. अशा ठिकाणी बसून भाड्याच्या संकोचाचं कौतुक करणं ही चैन नाही का? जिथे बाप आणि जात अजून दारात उभे आहेत, तिथे आयरिश कादंबरीचा साचा जसाच्या तसा उतरणार नाही, हे उघड आहे. पण अडथळे एकामागून एक रांगेत येतात, आधी जात जाईल मग भाडं येईल, असं कुठे असतं? सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) एका मध्यमवर्गीय कुटुंबात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर त्या घरातले भाऊ आणि बहीण दोघंही प्रेम करतात. मर्यादा, लाज आणि कुटुंबाचा धाक शिल्लक असतानाच सगळं घडवून आणते ती भाड्यानं दिलेली खोली. ती त्या घरात असूनही घराच्या ताब्यात नसलेली एकमेव जागा आहे. रूनीच्या पहिल्या कादंबरीच्या अकरा वर्षं आधी मराठीत हे झालेलं आहे. त्याची चर्चा मात्र समलिंगी प्रेमाच्या अंगानं जेवढी झाली, तेवढी खोलीच्या अंगानं झाली नाही.

शैलीबद्दल थोडक्यात. अवतरणचिन्हं नसलेले संवाद, सपाट आखूड वाक्यं, भावनेच्या ऐन टोकाला चहाच्या कपाचं वर्णन: हे रूनीनं कमावलं तेव्हा ते तिच्या पात्रांच्या संकोचाला साजेसं होतं. आता तो साचा झाला आहे. हे तिलाही कळलं असावं, कारण 'इंटरमेझो'मध्ये (२०२४) वकील पीटरचे भाग तिनं तुटक, उलट्या रचनेच्या वाक्यांत लिहिले, ज्यांत जॉइसचा वास आहे. पीटरची तरुण मैत्रीण नेओमी राहत असलेल्या जागेतून पोलिसांकरवी बाहेर काढली जाते, आणि या लेखाचा सगळा विषय त्या एका घटनेत एकवटतो: त्या दिवसापासून ती त्याची प्रेयसी की त्याची जबाबदारी? प्रश्न इतका धारदार, आणि उत्तर पुन्हा हाताशी तयार. पीटरच्या वडिलांच्या मागे त्यांचं घर रिकामं पडलेलं आहे. नेओमीची सोय तिथे होते. आधी शिष्यवृत्ती, मग श्रीमंत मैत्रीण, आता वारसा. चार कादंबऱ्यांत रूनीनं घराच्या प्रश्नाला जितक्या जवळून पाहिलं, तितक्याच नियमानं कुणाकडे तरी जादाची खोली ठेवली.

ती खोली काढून घेतली तर काय होतं, हे पाहायला बेलफास्टला जावं लागतं. मायकल मगीच्या 'क्लोज टू होम'मधला (२०२३) शॉन साहित्याची पदवी घेऊन घरी परततो. एका पार्टीत कुणाला तरी ठोसा मारतो आणि शिक्षा म्हणून २०० तासांची समाजसेवा करतो. राहती जागा आज ना उद्या जाणार हे त्याला ठाऊक असतं. त्याच्याजवळही एक मुलगी आहे, ओढ आहे, न बोललेलं पुष्कळ आहे. पण भाऊ, व्यसन, कोर्ट, रिकामा खिसा यांतून त्या ओढीला पानंच मिळत नाहीत. ती दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत राहते, आणि मुलगी बेलफास्टबाहेर पडण्याच्या विचारात असते. मगीनं ते तसंच सोडलं हे त्याच्या कादंबरीशी इमानी आहे. रूनीची बारीक नजर या अशा जागेत, भाडं थकलेलं असताना, दोन माणसांवर रोखून धरणारी कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही.